थंब लावला की कॉम्प्युटर गोठतो: यूएसबीच्या गुंत्याचा उलगडा

जून लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रांवर झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, किसान सन्मानची केवायसी, सगळी रांग एकाच टेबलासमोर. त्या टेबलावरच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरला काय काय जोडले आहे ते मोजून पाहा: कीबोर्ड, माऊस, अंगठ्याचे यंत्र, डोळ्याचे यंत्र, वेबकॅम, डिजिटल सहीचे डीएससी टोकन, रंगीत प्रिंटर, पावतीचा थर्मल प्रिंटर, स्कॅनर, नेटसाठी केबलने जोडलेला मोबाईल आणि वरून कुणीतरी आणून दिलेला पेनड्राइव्ह. अकरा झाली. आधार नोंदणीचा संच असेल तर चार बोटांचा स्कॅनर आणि जीपीएसही आले. पोर्ट, म्हणजे यूएसबीच्या तारा लावायची तोंडे, मात्र मागे चार-सहा आणि पुढे दोन. म्हणून मधे एक हब, म्हणजे एका पोर्टची अनेक तोंडे करणारा डबा, बसतो, हबला आणखी एक हब लागतो, आणि भर गर्दीत पडदा गोठतो. बाहेर रांगेत कुणीतरी म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे वाटते.’

सर्व्हरचा यात काही दोष नसतो. विंडोजचाही बहुधा नसतो. तरी दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. फॉरमॅटनंतर चार दिवस बरे चालते, कारण तेवढे दिवस निम्मी उपकरणे जोडलेलीच नसतात. ती परत लागली की ये रे माझ्या मागल्या.

उपकरणांची संख्या हेही खरे कारण नाही. यूएसबीच्या नियमाप्रमाणे एका कंट्रोलरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या यूएसबी सांभाळणाऱ्या चिपवर, १२७ उपकरणे बसू शकतात. त्यात हबसुद्धा मोजले जातात. कॉम्प्युटर आणि उपकरण यांच्यामध्ये एकापुढे एक असे जास्तीत जास्त पाच हब चालतात. अकरा म्हणजे काहीच नाही. अडचण येते ती ही अकरा उपकरणे कोणत्या तारेने, कोणत्या विजेवर आणि कोणत्या वाटेने जोडली आहेत यातून.

आधी पाहा, नक्की काय गोठले

पडदा थांबला की लगेच पॉवरचे बटण दाबून धरू नका. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅम किंवा पडदाच अडकला आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि यंत्र यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. त्यानेही काम झाले नाही तर कंट्रोल-आल्ट-डिलीट.

दिवा लागत नाही, पण कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकते आहे? मग कॉम्प्युटर चालूच आहे. कीबोर्ड आणि माऊस ज्या हबवर आहेत तो हब मेला आहे. कीबोर्ड काढून थेट मागच्या पोर्टला लावला की तो परत बोलू लागतो. सरकारी कार्यालयांतल्या जुन्या डेस्कटॉपला मागे जांभळे-हिरवे गोल पोर्ट असतात. ते पीएस/२ पोर्ट यूएसबीच्या वाटेनेच जात नाहीत. तसा जुना कीबोर्ड अडगळीत पडला असेल तर जपून ठेवा. यूएसबी अख्खे बसले तरी तो चालतो, आणि दोष कुठे आहे ते एका मिनिटात कळते.

दिवाही नाही आणि घड्याळही थांबले, तर मात्र गोठणे खोलवर, ड्रायव्हरच्या पातळीवर आहे. पुढचे बरेचसे विवेचन त्याबद्दल आहे.

एक गाळणी इथेच लावून घ्या. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा पाहा. जुनी फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि सगळी यूएसबी उपकरणे काढूनही तसेच होत असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. एसएसडी बसवा.

एक यंत्र बिघडते आणि सगळे का थांबते

यूएसबीत उपकरणाला स्वतःहून बोलायची मुभा नसते. मास्तर हजेरी घेतात तसा कॉम्प्युटर एकेकाला विचारत जातो, आणि ज्याचे नाव घेतले त्यानेच उत्तर द्यायचे. हे सेकंदाला हजारो वेळा चालते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर कॉम्प्युटर पुन्हा विचारतो. तरीही नाही आले तर त्या पोर्टला रीसेट देतो, नवा क्रमांक देतो, ओळख पहिल्यापासून विचारतो. ‘टिंग-टाँग’ असा लागण्या-सुटण्याचा आवाज वारंवार येतो तो याच खटाटोपाचा.

रीसेट एका माऊसपुरता असेल तर कळतही नाही. पण तो हबला द्यावा लागला तर हबच्या मागचे सगळेच तुटतात आणि सगळ्यांची ओळख नव्याने सुरू होते. त्याच वेळी अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत असतो, त्या ड्रायव्हरची वाट आरडी सर्व्हिस (अंगठा आधारकडे पोचवणारा प्रोग्रॅम) पाहते, आणि आरडी सर्व्हिसची वाट ब्राउझर पाहतो. खराब पेनड्राइव्हचेही असेच: विंडोज एखाद्या वाचनासाठी मिनिटभरसुद्धा थांबते आणि मग परत प्रयत्न करते. तेवढा वेळ ‘धिस पीसी’ची खिडकी पांढरी पडून राहते. पेनड्राइव्ह काढला आणि सगळे एकदम धडाधड चालू झाले, तर गुन्हेगार हातातच आहे.

पाच व्होल्टचा हिशेब

सर्वांत जास्त भानगडी इथे असतात, म्हणून इथे जरा थांबू.

यूएसबीच्या तारेतून ५ व्होल्टची वीज जाते. यूएसबी २.० च्या एका पोर्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि यूएसबी ३.० च्या, म्हणजे बहुधा निळ्या जिभेच्या पोर्टवर ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब २.० च्या पोर्टला लावला तर तो त्या ५०० मधले १०० स्वतःसाठी धरतो आणि उरलेले प्रत्येक तोंडाला १०० असे वाटतो. कीबोर्ड-माऊसला तेवढे पुरते. अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, पोर्टेबल हार्डडिस्क यांना पुरत नाही. अडीच इंची फिरती हार्डडिस्क सुरू होतानाच क्षणभर ९०० च्या आसपास ओढू शकते. नेटसाठी लावलेला मोबाईल चार्जही होत असतो आणि बॅटरी उतरलेली असेल तर पोर्ट देईल तेवढे घेतो.

अंगठ्याचे यंत्र नुसते जोडले असते तेव्हा फारसे काही ओढत नाही. ‘कॅप्चर’ दाबल्यावर त्याचा दिवा आणि सेन्सर चालू होतात आणि मागणी एकदम वाढते. नेमके त्याच क्षणी व्होल्टेज खाली जाते. म्हणूनच तक्रार नेहमी अशी असते की ‘दिवसभर ठीक चालते, थंब लावला की अडकते.’

आता तार. स्वस्त एक्स्टेन्शन केबलमध्ये विजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. तीन मीटरच्या केबलमध्ये वीज जाते तीन मीटर आणि परत येते तीन मीटर, म्हणजे सहा मीटर. रोध झाला जवळजवळ १.२८ ओहम. अर्धा अँपिअर ओढला की १.२८ गुणिले ०.५, म्हणजे ०.६४ व्होल्ट तारेतच जिरले. मागे ५ व्होल्ट असले तरी यंत्राच्या तोंडाशी ४.३६ उरले. नियमाप्रमाणे उपकरणाकडे ४.४ च्या खाली जायला नको. पोर्टवरच मुळात ४.८ असतील तर विचारूच नका. तीच केबल २४ गेजच्या विजेच्या तारांची असेल तर तूट पाव व्होल्टवर येते.

केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत गेज छापलेले असते. ‘२८ एडब्ल्यूजी’ आणि ‘२४ एडब्ल्यूजी’ असे दोन आकडे असतील तर पहिला डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या तारांचा. दोन्हीकडे २८ असेल किंवा काहीच छापलेले नसेल, तर ती केबल मोबाईल चार्जिंगलाही फारशी लायक नाही. लांबीचा नियम असा धरा: २.० साठी पाच मीटरच्या आत, ३.० साठी तीनच्या आत, आणि अंगठ्याच्या यंत्राला शक्यतो एक मीटरच्या आत.

मोजायचे असेल तर पोर्ट आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारा छोटा यूएसबी मीटर मिळतो. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवतो. तो यंत्राच्या बाजूला लावा, कॅप्चर दाबा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. विंडोजमध्येही अंदाज येतो: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा, हबच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर’ टॅब असेल तर कोणते उपकरण किती मागते ते तिथे दिसते. काही हबवर हा टॅब येत नाही. तिथे ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ हे फुकट मिळणारे साधन वापरा. दोन्ही ठिकाणचा आकडा उपकरणाने जाहीर केलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नव्हे. स्वस्तातली उपकरणे त्यात खोटे बोलतात.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. सात तोंडांच्या हबला ५ व्होल्ट, किमान ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. खोक्यावर ‘पॉवर्ड’ लिहिलेले असते आणि आत १ अँपिअरचा अडॅप्टर निघतो, तेव्हा खोके नको, अडॅप्टर वाचा.

हब घेतल्यावर एक चाचणी दुकानातच किंवा घरी पहिल्या दिवशी करा. कॉम्प्युटर बंद करून त्याची मुख्य पिन काढा. हबचा अडॅप्टर चालू ठेवून हब कॉम्प्युटरला जोडा. कॅबिनेटचा किंवा मदरबोर्डवरचा दिवा मिणमिणला, पंखा थरथरला, तर तो हब वीज उलटी कॉम्प्युटरात ढकलतो आहे. असा हब परत करा. त्याच्यामुळे कॉम्प्युटर कधी सुरूच होत नाही, कधी कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसतो.

लाइन, यूपीएस आणि अर्थिंग

गावाकडची लाइन झटके मारते. वादळाच्या दिवसांत तर मिनिटात तीनदा जाऊन येते. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो म्हणून त्याला काही होत नाही. पण हबचा अडॅप्टर? तो बहुतेक ठिकाणी भिंतीच्या साध्या बोर्डात खोचलेला असतो. लाइन गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि त्याची सात उपकरणे एका फटक्यात नाहीशी होतात, दोन सेकंदांनी सातही एकदम परत येतात. त्या वेळी टोकनवर सही चालू असेल, प्रिंट सुटलेली असेल, तर गोठायला आणखी काय हवे? हबचा अडॅप्टर यूपीएसवरच लावा. तो खातो किती, तर दहा-पंधरा वॉट.

लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर नको. त्याचा रोलर तापताना शेकडो वॉट ओढतो आणि ६०० व्हीए चा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. प्रिंट दिली की यूपीएस किंचाळतो किंवा सगळ्यांसकट बसतो. प्रिंटर भिंतीच्या बोर्डावर ठेवा. शाईच्या टाकीचा प्रिंटर कमी ओढतो, तो यूपीएसवर चालतो. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याच्या मागे किंवा समोर ‘यूपीएस’ मोडचे बटण असते, ते चालू आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

अर्थिंगकडे कुणी पाहत नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेले बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांचा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्मे, म्हणजे ११० च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असतो म्हणून हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते, इतकेच. पण प्रिंटर दुसऱ्या बोर्डावर आणि कॉम्प्युटर या बोर्डावर असेल, तर हा फरक यूएसबीच्या केबलमधूनच वाट काढतो. केबल लावताना बारीक ठिणगी दिसते ती हीच. अशाने पोर्ट हळूहळू कमकुवत होतात, उपकरणे मधेच सुटतात आणि वीज कडाडली की एखाद्या दिवशी मदरबोर्डच जातो.

काळ्या मातीत उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीत पुरलेली अर्थिंगची पट्टी एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते आणि मातीपासून सुटते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे लागते. मीठ-कोळसा भरलेला जुना खड्डा असेल तर जास्तच. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटरने तीन आकडे घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा वीस-तीस असेल, किंवा फेज ते अर्थ भलतेच कमी असेल, तर अर्थिंग नावापुरती आहे. काही ठिकाणी बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून ‘जुगाड’ केलेला सापडतो. तो जिवाशी खेळ आहे. न्यूट्रल कुठे तुटली तर कॅबिनेटला सरळ २३० येतात.

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालणे बंद करा, आणि यूएसबीने एकमेकांना जोडलेली यंत्रे एकाच खोलीतल्या एकाच अर्थिंगवर ठेवा. एवढ्याने बराच त्रास जातो.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की टेबलावर कूलर येतो. कूलरची ओली हवा सरळ पोर्टवर येत असेल तर तोंडातल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो, खाऱ्या पाण्याच्या गावात तर महिनाभरात. कूलरचे तोंड माणसांकडे असू द्या, कॅबिनेटकडे नको. थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्या, सगळे बंद करून पुसा आणि वाळू द्या. रॉकेल-पेट्रोल चालत नाही. जिनिंग जवळ असेल तर हंगामात पंख्यात कापसाची रुई अडकते, तीही बघा.

पोर्ट झिजतो

यूएसबीचा नेहमीचा चपटा पोर्ट १,५०० वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. टोकन दिवसातून दहादा काढले-घातले तर १५० दिवसांत हिशेब पूर्ण. पुढे तो ढिला होतो, हात लागला की सुटतो. टोकनसाठी अर्ध्या मीटरची जाड एक्स्टेन्शन कायमची लावून ठेवा आणि झिजायचे ते तिचे तोंड झिजू द्या. इतक्या छोट्या केबलमध्ये व्होल्टेजची तूट नगण्य असते. पोर्टच्या आतली एखादी पट्टी वाकून दुसरीला टेकली असेल तर काही कॉम्प्युटर सुरू होतानाच ‘यूएसबी ओव्हर करंट’चा इशारा देऊन १५ सेकंदांत बंद पडतात. टॉर्च मारून सगळे पोर्ट पाहा, पुढचे आधी. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आत एका बारीक तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचे थेट बोर्डावर असतात. ज्यावर काम अडते ते सगळे मागे लावा.

वाट एकच, वाहतूक फार

यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि तो हबच्या सगळ्या तोंडांत मिळून. वेबकॅम चित्र न दाबता पाठवत असेल तर ६४० बाय ४८० च्या साध्या चित्रालाही, सेकंदाला ३० चौकटी धरून, जवळजवळ १४७ मेगाबिट लागतात. शिवाय कॅमेरा आपला वाटा आधीच राखून ठेवतो. एका हबवर दोन कॅमेरे, किंवा कॅमेरा आणि डोळ्याचे यंत्र एकत्र आले की दुसऱ्याला जागा उरत नाही. कॅमेरा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोर्टवर लावा आणि रेझोल्यूशन उतरवा. अर्जाच्या फोटोला काही सिनेमाचे चित्र लागत नाही.

कधी विंडोज स्पष्टच सांगते: ‘नॉट इनफ यूएसबी कंट्रोलर रिसोर्सेस’. वेग उरला असला तरी कंट्रोलरची स्मरणशक्ती संपली, असा त्याचा अर्थ. प्रत्येक उपकरण त्यात काही कप्पे अडवते. माऊस दोन-तीन, मायक्रोफोनवाला वेबकॅम त्याहून जास्त. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर बसणारे वेगळे यूएसबी कार्ड घाला. त्याला स्वतःचा कंट्रोलर असतो, म्हणून निम्मा भार खरोखर वेगळा होतो. आणखी एक हब लावल्याने काहीच वेगळे होत नाही.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर त्याचा छोटा रिसीव्हर निळ्या पोर्टच्या शेजारी आहे का पाहा. यूएसबी ३.० च्या केबलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर हातभर दूर नेला की माऊस सुरळीत.

ड्रायव्हरांची भांडणे

अंगठ्याचे यंत्र आधारसाठी चालते ते आरडी सर्व्हिसमुळे. ही सर्व्हिस कॉम्प्युटरच्या आतच ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्ट क्रमांकावर (हा पोर्ट तार लावायचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला दरवाजा) बसून ब्राउझरची वाट पाहते. केंद्रात वर्षानुवर्षांत तीन कंपन्यांची यंत्रे येऊन गेलेली असतात आणि तिन्हींच्या सर्व्हिस अजून चालू असतात. ब्राउझर एकेका क्रमांकावर जाऊन विचारतो, यंत्र नसलेली सर्व्हिस ‘तयार नाही’ म्हणते किंवा गप्प बसते, आणि पान फिरत राहते. जे यंत्र आता वापरात नाही त्याची सर्व्हिस आणि ड्रायव्हर दोन्ही काढून टाका. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन नुसती थांबवली तर ती रीस्टार्टनंतर परत उठू शकते.

प्रिंटरचे दुखणे निराळे. केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावली की बरेच प्रिंटर नवा प्रिंटर समजले जातात आणि ‘कॉपी १’ तयार होते. मूळ नाव डीफॉल्टच राहते, त्यावर प्रिंट साचत जाते आणि वर्डपासून ब्राउझरपर्यंत सगळे त्या नसलेल्या प्रिंटरची वाट पाहत अडकतात. जुन्या कॉपी काढा, आणि कोणती केबल कोणत्या पोर्टला ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून तिथेच चिकटवा. साचलेली प्रिंट हटत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मधली ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोजच्या सिस्टम फोल्डरमधल्या ‘स्पूल’च्या आतले ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामे करा (फोल्डर नाही, आतल्या फाइल), आणि स्पूलर परत सुरू करा.

विंडोजच्या दोन सेटिंग बदलून टाका. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. ते वीज वाचवायला उपकरण झोपवते आणि काही यंत्रे झोपेतून उठतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या मूळ हबच्या) ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची खूणही काढा. दुसरे म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’, तेही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाऊन’ केले तरी विंडोजचा गाभा अर्धवट झोपून असतो आणि कालचा गोंधळ आज सकाळी तसाच उठतो. ‘रीस्टार्ट’ केले तरच सगळे पुसले जाते.

गुन्हेगार कसा पकडायचा

गर्दीच्या दिवशी हे करू नका, रविवार ठेवा. कॉम्प्युटर बंद करा, मुख्य पिन काढा आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बंद कॉम्प्युटरच्याही पोर्टवर बऱ्याचदा ५ व्होल्ट असतात, म्हणून नुसते बंद करून अडकलेले यंत्र सुटत नाही. मग फक्त कीबोर्ड आणि माऊस मागे लावून सुरू करा. एरवी तासाभरात गोठत असेल तर दोन तास काम करून पाहा. तरीही गोठला तर यूएसबी निर्दोष. रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय पाहा.

नीट चालला तर अर्धी उपकरणे हबशिवाय थेट लावा. पुन्हा तेवढाच वेळ. गोठला तर त्यातली अर्धी काढा. नाही गोठला तर उरलेल्यांत शोधा. अकरा उपकरणे असली तरी चार फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. एकही सापडले नाही तर हब लावा, आधी रिकामा, मग भरलेला. दोषी सापडल्यासारखे वाटले की आधी त्याची केबल बदला, मग पोर्ट, आणि शेवटी यंत्र. दर वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बरे झाले तरी कशाने ते कळत नाही, आणि दुरुस्ती नव्याने करावी लागते.

गोठल्याची वेळ कागदावर मांडून ठेवा. नंतर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ लिहून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडा. लाल फुल्या कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रोग्रॅमवर आहेत ते दिसते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या सिस्टम लॉगमध्ये त्याच मिनिटाच्या आधीच्या नोंदी वाचा. ‘डिस्क’ नावाची १५३ क्रमांकाची नोंद वारंवार असेल तर एखादी डिस्क किंवा पेनड्राइव्ह उत्तर द्यायला अडखळतो आहे. ‘केर्नल-पॉवर ४१’ पाहून पुष्कळ जण पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद एवढेच सांगते की कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. तुम्हीच बटण दाबून धरलेत तरी ती येते. निळा पडदा येऊन त्यावर ‘बगकोड यूएसबी ड्रायव्हर’ किंवा ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ दिसले तर फोटो काढून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेखाली ‘कोड ४३’ असेल तर उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला आहे. तेच यंत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या केबलने लावून पाहा. तिथेही तेच आले तर यंत्र दुरुस्तीला पाठवा.

सगळे नव्याने मांडताना कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टांवर अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, कीबोर्ड आणि मुख्य प्रिंटर घ्या. अडॅप्टरवाल्या हबवर माऊस, थर्मल प्रिंटर, स्कॅनर आणि टोकनची एक्स्टेन्शन. मोबाईल शक्य असेल तर वेगळ्या चार्जरवर लावून हॉटस्पॉटने नेट घ्या. केबलच हवी असेल तर तिला मागचा स्वतंत्र पोर्ट द्या. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह हबवर कधीच नको, त्यासाठी पुढचा एक पोर्ट राखून ठेवा. आणि सही चालू असताना टोकनला, पेनड्राइव्हला किंवा हबच्या अडॅप्टरला कुणाचाही हात लागणार नाही अशा बाजूला ही जोडणी ठेवा. बहुधा ती भिंतीकडची बाजू असते, रांगेकडची नव्हे.